घोडीचे बूट आणि माझे २९,४८० रुपये

अंगाची नुसती आग होतेय म्हणून लिहितेय. पैसे गेले ते गेलेच, पण माझ्या भोळेपणाची शिक्षा मुक्या जनावराने भोगली, हे मला झोपू देत नाही.

माझी घोडी चौदा वर्षांची, डोणज्याजवळच्या तबेल्यात असते. दोन वर्षांपासून जुनाट लॅमिनायटिस, म्हणजे टापेच्या आत हाडाला धरून ठेवणाऱ्या थराची सूज. पुढच्या दोन्ही टापांतलं हाड फिरलंय, एक्स-रेत स्पष्ट दिसतं. पावसाळ्याच्या तोंडाशी दुखणं पुन्हा उसळलं. डॉक्टरांनी नाल काढून आत पॅड असलेले बूट घालायला सांगितले. मला पुण्यात ते कुठे मिळेनात. ओळखीतून एकाचा नंबर आला. परदेशी बूट, मापाचे पॅड, तबेल्यात येऊन फिटिंग. रेसकोर्सवर पंधरा वर्षं काम केलंय, म्हणाला. घोडी निम्मा दिवस आडवी पडून असायची आणि हा माणूस टापांविषयी कुठेही न अडखळता बोलत होता. माझ्या जागी कोणीही विश्वास ठेवला असता, हे मी आजही म्हणेन.

आगाऊ १८,५००. मग 'कस्टममध्ये अडकलंय' म्हणून ६,७८०. मग फिटिंगच्या भेटीचे ४,२००. तिन्ही वेळा वैयक्तिक यूपीआयवर, आणि नावही दर वेळी वेगळं. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

पण मला खरं तर पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. तबेल्यात उभी राहून मी त्याला फोनवर मापं सांगत होते. डावी टाप १२८ मिलिमीटर रुंद, उजवी १२२. तो म्हणाला, "दोन्हीला एकच साइज बसते, ताई." मी विचारलं, एक्स-रे पाठवू का? लिफाफा माझ्या हातातच होता. म्हणाला, "एक्स-रे डॉक्टरांना लागतो, मला टापेचा फोटो पुरतो." आणि मी तो लिफाफा परत पिशवीत ठेवला! हाडाचं टोक तळव्याच्या किती जवळ आलंय हे न बघता आधार कुठे द्यायचा हे ठरूच शकत नाही. आधार हवा फ्रॉगला, म्हणजे टापेच्या तळाच्या मधल्या त्रिकोणी मऊ भागाला, आणि टाचेकडच्या भागाला. हाडाचं टोक जिथे खाली दाबतं, तो पुढचा भाग मोकळा ठेवायचा. आमच्या नालबंद चाचांनी हे मला दोन वर्षांपूर्वी त्याच जागी उभं राहून दाखवलं होतं. शिवाय टापा शेवटच्या कधी तासल्या, हे त्याने विचारलंसुद्धा नाही. मापं तासल्यानंतरच घ्यायची, लक्षात ठेवा.

पार्सल आलं. साधे रबरी बूट, दोन्ही एकाच मापाचे. आत योगा मॅटचे तुकडे कापून चिकटवलेले, कडेला कात्रीच्या खुणा, आणि जाड थर नेमका पुढच्या बाजूला. फिटिंगला कोणी आलं नाही, म्हणून मीच घातले. दुसऱ्या दिवशी टापा गरम लागत होत्या आणि टाचेच्या वरची नाडी बोटाखाली धडधडत होती. बूट काढले तेव्हा तिने मान खाली घातली, हलेचना. त्याचा फोन तोवर बंद.

हद्दीतल्या चौकीत गेले तर साहेबांनी विचारलं, "घोड्याला बूट?" आणि शेजारचे हसले. सायबरकडे जा म्हणाले. तिथे उत्तर मिळालं, माल पोहोचलाय ना, मग हा दिवाणी वाद. परत चौकीत. अर्ज घेतला, पोच दिली नाही. तिसऱ्या फेरीला तर तो अर्जच सापडेना! फसवणुकीला भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे, हे मी त्यांना सांगायचं? मी पावत्या, फोटो, डॉक्टरांचं पत्र, सगळं फाईलला लावून नेलं होतं. कोणी ती फाईल उघडली नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. पैसे गेल्याचं लक्षात येताच त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. माझे नऊ दिवस लाजेत गेले.

आणि बिल नीट वाचा. पत्ता पुण्याचा, जीएसटी नंबरची सुरुवात ०७ ने. महाराष्ट्राचा २७ असतो. मी ते वाचलं, पण पैसे देऊन झाल्यावर.

आता चाचांनी टाचा उतरवून, एक्स-रे समोर ठेवून, फोमचे पॅड टेपने बांधलेत. टाप पूर्ण नवी यायला वर्षभर लागतं. ग्राहक आयोगाचा अर्ज मी काल भरला. आज सकाळी तिने डावा पाय उचलू दिला, उजवा अजून देत नाही.