रॅचेट-सॉकेट सेट: ज्याला स्वतः पाना चालवायचाय त्याच्यासाठी

गाडीची आणि घरातली बारीकसारीक कामं स्वतः करायची हौस असेल तर हा सेट घ्याच. ३/८ इंची ड्राइव्ह (सॉकेट अडकवायचा चौकोनी खुंट), क्रोम व्हॅनेडियम स्टील, ८ ते १९ एमएम सॉकेट (बोल्टच्या डोक्यावर बसणाऱ्या टोप्या) आणि स्पार्क प्लगसाठी आत रबर असलेला वेगळा सॉकेट.

रॅचेटला, म्हणजे न काढता मागे-पुढे हलवत बोल्ट फिरवणाऱ्या दांड्याला, ७२ दाते आहेत, म्हणजे हात जेमतेम ५ अंश हलला तरी पुढचा दाता धरतो. टाकीखालच्या अडचणीत साधा पाना फिरतच नाही, तिथे याची खरी किंमत कळते. सॉकेट सहाकोनी आहेत, हे मला सगळ्यात आवडलं. गंजलेल्या बोल्टवर बाराकोनी सॉकेट कोपरे खातो. हा सपाट बाजूंना घट्ट धरतो.

प्लग बसवताना मी रॅचेट आधी लावतच नाही. नुसता सॉकेट आणि एक्स्टेन्शन (सॉकेटला जोडायची लांब दांडी) बोटांनी फिरवायचं. आटे सरळ धरले की बोटांनाच कळतं, प्लग अलगद आत जातो. मग शेवटचं आवळणं. त्यानंतर गाडी एका किकमध्ये सुरू झाली की जे समाधान मिळतं, ते गाडी गॅरेजला टाकून कधीच मिळालं नाही.

पलंगाचे बोल्ट, वॉशिंग मशीनचे पाय, सगळं यावर झालं.

डबीतले खाचे मात्र सैल आहेत, लहान सॉकेट निसटतात. टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोरानेच आवळणारा पाना, तोही सोबत येत नाही. इंजिनाचं हेड (प्लग बसतो तो वरचा भाग) अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर तो वेगळा घ्या, अंदाजाने आवळू नका.