ॲन कार्सन यांची चार ग्रीक नाटकं, मोठ्यानं वाचण्यासाठी

प्राचीन ग्रीक नाटककार युरिपिडीसची नाटकं इंग्रजीत वाचायची असतील तर ॲन कार्सन यांनी अनुवादलेलं 'ग्रीफ लेसन्स' घ्या. २००६ सालचं पुस्तक, त्यात चार नाटकं. ती मोठ्यानं वाचायला उत्तम आहेत, हे नौपाड्यातल्या आमच्या अभिवाचन गटाच्या भरवशावर सांगते.

आम्ही 'हेकबी' वाचलं. ट्रॉयची राणी, युद्ध हरल्यावर गुलाम झालेली. मुलगी पॉलिक्सेना ग्रीक योद्धा अकिलीसच्या थडग्यावर बळी जाते. धाकट्या मुलाला सोन्यासकट ज्या राजाकडे सांभाळायला ठेवलं, त्यानंच सोन्यासाठी त्याला मारून समुद्रात फेकलेलं. मग ही म्हातारी राजाला गोड बोलून तंबूत नेते. बाकीच्या बंदी बायकांना हाताशी धरून त्याची दोन मुलं मारते आणि त्याचे डोळे फोडते. गांधारी शाप देऊन थांबते, हेकबी थांबत नाही. कार्सन यांनी तिच्या तोंडी भरजरी विलाप घातलेला नाही. शब्द साधे, वाक्यं आखूड. आमच्यातल्या हेकबी वाचणाऱ्या ताईंचा आवाज गडकरी रंगायतनच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा, पण इथे त्यांना तो चढवावाच लागला नाही.

कोरसची, म्हणजे नाटकातल्या गाणाऱ्या समूहाची, गाणी मात्र जड गेली. तिथे ओळी तुटत जातात, सगळ्यांनी एकत्र म्हणायला ताल सापडत नाही. एकेकीनं एकेक ओळ घेतली, तेव्हा कुठे जमलं.

कार्सन मुळात कवयित्री. जन्म १९५०, टोरोंटोचा. शाळेत लॅटिन शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना मधल्या सुट्टीत ग्रीक शिकवलं. पुढे मॅकगिलसारख्या विद्यापीठांत त्यांनी स्वतः वर्षानुवर्षं ते शिकवलं. कविता एका वहीत, ग्रीक दुसऱ्या वहीत असं त्यांनी कधी केलंच नाही, आणि ते या संवादांत ऐकू येतं. २०१५ मध्ये त्यांनी अनुवादलेली 'अँटिगनी' फ्रेंच अभिनेत्री ज्युलिएट बिनोशनं रंगमंचावर केली. ती बघायला मिळाली असती तर!

प्रत्येक नाटकाआधी त्यांचं छोटं टिपण आहे. ते नाटकानंतर वाचा.

नाटकांचा क्रम मात्र बदलू नका. 'अल्केस्टिस' हे इ.स.पू. ४३८ चं, चौघांत जुनं, तरी इथे शेवटी आहे. मूळ प्रयोगातही, वेगळ्या तीन नाटकांनंतर, ते चौथंच होतं, एरवी जिथे हसवणारं सॅटर नाटक असायचं त्या जागी. पुस्तकातल्या पहिल्या नाटकात वेडाच्या भरात स्वतःची बायको-मुलं मारणारा महाबली हेराक्लीस (हर्क्युलिस) या शेवटच्या नाटकात मृत्यूशी झुंजतो आणि मित्राची बायको जिवंत परत आणून देतो.