८×४२ दुर्बीण, एक पावसाळा वापरून

साडेनऊ हजारांची दुर्बीण घरात आली तेव्हा हे म्हणाले, "बगळे बघायला? ते तर फुकट दिसतात."

दिसतात खरे. मुलुंड पूर्वेला आमच्या तिसऱ्या मजल्याच्या खिडकीसमोर पर्जन्यवृक्ष आहे. पाऊस लागला की त्यावर बगळ्यांची बाळंतपणं सुरू होतात. पक्षीवाले याला सारंगागार म्हणतात. आमच्या सोसायटीतले शब्द वेगळे आहेत, कारण झाडाखाली गाड्या उभ्या असतात.

दुकानदार १० पट मोठं दाखवणारी गळ्यात मारत होता, माझी ८ पटीची. तिथेच दोन्ही हातात धरून पाहिल्या. माझं वय पासष्ट, हात थोडा थरथरतो. १० पटीत समोरची पाटी नाचत होती, ८ पटीत वाचता आली. ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. श्रावणातल्या अंधारलेल्या सकाळीही चित्र स्वच्छ दिसतं ते त्यामुळे. चष्मा न काढता पाहता येतं, फक्त डोळ्यांकडची रबरी कडी आत फिरवायची.

इतकी वर्षं मला सगळे बगळे सारखेच वाटायचे. पहिल्याच सकाळी कळलं की झाडावर दोन बिऱ्हाडं आहेत. गायबगळ्यांची डोकी, माना आणि पाठी विणीच्या दिवसांत नारिंगी-बदामी होतात. लहान बगळा मात्र पांढराशुभ्र, मानेमागे दोन लांब पिसं लोंबणारी, चोच काळी, पाय काळे आणि पंजे पिवळेधमक. हळदीच्या परातीत उभा राहून आल्यासारखे! हे पंजे नुसत्या डोळ्यांनी मला कधीच दिसले नव्हते.

आणि काय काय उद्योग चालतात! गायबगळ्याचा नर काटकी आणतो, मादी ती घरट्यात खोचते. तो पुढची आणायला वळतो तोवर शेजारी आधीची पळवतो. अंडी फिकट निळसर, दोघं आळीपाळीने उबवतात. पिल्लं एकदम बाहेर येत नाहीत, दिवसाआड येतात. त्यामुळे थोरलं दांडगं आणि शेंडेफळ मरतुकडं. आई-बाप आले की पिल्लं त्यांची चोचच पकडून खाली ओढतात, मग ते घास ओकतात. एका घरट्यातलं धाकटं चार दिवस मागेच राहत होतं. पाचव्या दिवशी दिसलं नाही. चांगल्या दुर्बिणीचा हा तोटा कोणी सांगत नाही.

खरी परीक्षा खाडीकाठच्या भांडुप पंपिंग स्टेशनला झाली. मोठा बगळा आणि मध्यम बगळा लांबून ओळखायचा तर जिवणी पाहतात: मोठ्याची डोळ्याच्या मागेपर्यंत चिरत जाते, मध्यमाची डोळ्यापाशी थांबते. ओहोटीच्या चिखलापलीकडे, तिवरांच्या कडेला उभ्या पक्ष्याची ती रेघ मला दिसली. तिथेच लहान बगळा एक पाय चिखलात थरथरवत मासे उठवताना पाहिला. बकध्यान वगैरे मोठ्या बगळ्याला शोभतं. हा लहाना सारखा धावत असतो.

आता तक्रारी. भिंगांची पुढची झाकणं इतकी सैल, की एक त्याच चिखलात गेलं. कंपनीला तीनदा लिहिलं, उत्तर नाही. शेवटी शाम्पूच्या बाटलीचं टोपण कापून बसवलं. पट्टा अरुंद आहे. जवळजवळ पाऊण किलो वजन तासभरात मानेला कळतं. मी जुन्या पर्सचा रुंद पट्टा लावून घेतला. फोकसचं चाक सुरुवातीला घट्ट होतं, आता सैलावलं. पावसात भिजली तरी आतून धुरकट झाली नाही, याचे मात्र पूर्ण गुण. पाचपैकी चार.

सध्या ती माझ्याकडे नाही. समोरच्या ब्लॉकमधल्या वहिनी "जरा बघते" म्हणून रविवारी घेऊन गेल्या. जूनमध्ये फांद्या छाटायच्या अर्जावर पहिली सही त्यांचीच होती. काल जिन्यात भेटल्या तर दुर्बिणीचा विषयच नाही. विचारत होत्या, डावीकडच्या घरट्यातलं तिसरं पिल्लू जरा अशक्त वाटतं का?