बाकी सगळं ठीक, पण ती आकडी! लिनियर ड्रेन दीड वर्ष वापरल्यावर

नरकचतुर्दशीला पहाटे पावणेसहाला आमच्या न्हाणीतलं उटण्याचं पाणी दारातून निवांत बेडरूममध्ये आलं आणि खाली अंथरलेल्या दोन गोधड्यांनी ते पिऊन टाकलं. त्याच दिवशी लिहिणार होतो. पण सणासुदीला शिव्या लिहायला नकोत म्हणून थांबलो. आता राग निम्म्यावर आलाय.

कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही. वस्तू अशी: १२०० मिमीची लिनियर ड्रेन, म्हणजे भिंतीलगत बसणारी पट्टीसारखी लांब मोरी. ३०४ दर्जाचं स्टेनलेस स्टील, आकडीनं उचलायच्या वरच्या ट्रेमध्ये आपलीच फरशी बसवायची, म्हणजे मोरी दिसतच नाही, कडेनं फक्त बारीक फट दिसते. लातूरच्या गंजगोलाई बाजारपेठेच्या बाजूच्या एका दुकानातून घेतली, घासाघीस करून ७,४०० रुपयांना. साधी गोल जाळी अडीचशेला येते हे मला ठाऊक होतं आणि बायकोनंही ते विसरू दिलं नाही.

घेतली ती आईमुळं. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, हातात वॉकर आला आणि घरातला प्रत्येक उंबरा वैरी झाला. वरच्या मजल्याचं काम चालूच होतं, म्हणून खाली तिच्या खोलीला लागून पाच बाय सातची नवी न्हाणी काढली. उंबरा नाही, पायरी नाही, खोलीची फरशी सरळ आत जाते.

गोल जाळी असली की मिस्त्री चारी बाजूंनी ढाळ काढतो. फरशी पाकिटासारखी तिरकी कापावी लागते आणि मधे खोलगट होतं. तिथं स्टूल ठेवा, एक पाय अधांतरी. आईच्या जुन्या न्हाणीत स्टुलाच्या पायाखाली मी घडी केलेला रबराचा तुकडा ठेवायचो. भिंतीलगत लांब ड्रेन असली की ढाळ एकाच दिशेनं. फरशी तिरकी असली तरी सपाट, त्यामुळं स्टुलाचे चारही पाय टेकतात. दीड वर्षात स्टूल एकदाही डुगडुगलं नाही. ७,४०० मधले पाच हजार मी या एका गोष्टीचे धरतो.

पहिल्या दिवशी आईनं आत बघितलं आणि विचारलं, "आरं, हिला मोरी कुठंय? पाणी काय भिंतीत जिरणाराय का?" मी तांब्याभर ओतून दाखवलं. पाणी भिंतीकडं पळालं आणि फटीत गडप झालं. "बरंय," म्हणाली. आमच्या आईचं 'बरंय' म्हणजे पाच तारे.

ढाळावरून मिस्त्रीशी वाजलं. बाहेरच्या देशांत शॉवरच्या जागेला फुटाला पाव इंच ढाळ धरतात, म्हणजे साधारण दोन टक्के. दाराकडचे तीन फूट जवळपास सपाट आणि पुढचे चार फूट ढाळाचे, तेव्हा भिंतीपाशी एक इंच खाली यायला पाहिजे होतं. मिस्त्रीनं अंदाजानं अर्धा काढला. म्हणे, "सर, पाणी बरोब्बर जायलंय, लई डोकं नका लावू." मी नळीची लेव्हल लावली आणि कोबा परत करून घेतला. एक दिवसाची मजुरी अंगावर आली. पण फरशी बसल्यावर ढाळ दुरुस्त करायचा म्हणजे सगळं फोडायचं, तेव्हा हा खर्च मला टोचत नाही.

टोचली ती पाण्याची चाचणी. वॉटरप्रूफिंग झाल्यावर, फरशीच्या आधी, न्हाणीत पाणी भरून किमान चोवीस तास उभं ठेवायचं आणि पातळी उतरते का बघायचं. दाराला विटांची पाळ घातली, ड्रेनच्या तोंडात चिंध्यांचा बोळा कोंबला आणि आठ बादल्या ओतल्या. एप्रिल महिना आणि टँकरचं पाणी. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं बघितलेला लातूरकर मी. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होतं आणि ते शहरात चर्चेचं सोडा, कौतुकाचं होतं. तसल्या गावात आठ बादल्या पाणी नुसतं बघत बसायचं! बायको म्हणाली, "मोरीला बोळा अन् दरवाजा मोकळा, असंच चाललंय तुमचं. पाण्यासाठी जीव काढता आणि जाळीला सात हजार देता."

भिंतीवर पेन्सिलनं रेघ मारून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी पाणी रेघेच्या अर्धा इंच खाली. उन्हाळा धरला तरी बंद खोलीत इतकं उडत नाही. गळती सापडली ड्रेन आणि कोब्याच्या सांध्यात. चांगल्या ड्रेनला चारी बाजूंनी पत्र्याची रुंद कड असते, वॉटरप्रूफिंगचा लेप त्या कडेवर चढवून घ्यायचा असतो. आमच्या गड्यानं लेप कडेपर्यंत आणून सोडला होता. कड घासून, जाळीची पट्टी दाबून पुन्हा दोन हात मारले, पुन्हा आठ बादल्या. या वेळी रेघ हलली नाही. ते पाणी मी बादलीबादलीनं उपसून कंपाउंडच्या नव्या भिंतीला मारलं, त्यामुळं मनाला थोडं बरं वाटलं. घेताना आधी ही कड बघा. स्वस्तातल्या कित्येक ड्रेनना ती नसतेच, नुसता डबा असतो. तो सिमेंटात गाडायचा आणि देवावर हवाला ठेवायचा.

आता माझी कंजुषी. भिंत पाच फुटांची, म्हणजे १५२४ मिमी. भिंतीपासून भिंतीपर्यंत बसेल अशी ड्रेन करून मिळत होती, अकरा हजारांना. मी तयार मापाची १२०० ची उचलली. दोन्हीकडं सहा-सहा इंच उरले. उजव्या कोपऱ्याला मिस्त्रीनं हात फिरवून ढाळ दिला, डाव्याला विसरला. त्या डाव्या कोपऱ्यात दीड वर्ष रोज दोन चमचे पाणी उभं असतं आणि तिथल्या फरशीच्या सांध्यांतलं ग्राउट काळं पडलंय. आंघोळ झाली की मी फडक्यानं टिपतो. वाचवलेले ३,६०० रुपये असे रोज थोडे थोडे फेडतोय.

चौथ्या महिन्यात ट्रेच्या कडेला तांबूस ठिपके दिसले. मी दुकानात जाऊन भांडलो. "३०४ म्हणून स्वस्तातला २०२ माल गळ्यात मारलात," असं चारचौघांत बोललो. दुकानदारानं लोहचुंबक आणलं, चिकटलं नाही, म्हणाला बघा. मला तेवढी माहिती होती की चुंबक २०२ लाही चिकटत नाही, तेव्हा तो पुरावा फुकट. मग त्यानं कपाटातून तपासायच्या द्रवाची बाटली काढली. त्यात बॅटरी लावून थेंब टाकतात, मँगनीज जास्त असलेला २०२ असेल तर थेंब लाल होतो. आमचा लाल झाला नाही. माल खरा होता. मग ठिपके कशाचे? दुकानदारानं एकच विचारलं, "सर, घरी ॲसिड मारता का?"

मारत होतो. आमच्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, हजाराच्या पुढं आहे, आठ दिवसांत फटीवर पांढरा थर धरतो. कामवाल्या मावशी तो बाटलीतल्या ॲसिडनं उडवायच्या, म्हणजे फरशीही चकचकीत. पण ते हायड्रोक्लोरिक ॲसिड स्टीलवरचा क्रोमियमचा पातळ थर खातं, मग ३०४ असो नाहीतर आणखी काही. चूक आमची. ॲसिड बंद केलं. आता कोमट पाण्यात लिंबूसत्व घालून फडकं तासभर पसरून ठेवतो, क्षार मऊ होऊन निघतो. ठिपके वाढले नाहीत. दुकानदाराची मी माफी मागितली, त्यानं चहा पाजला. म्हणून कंपनीचे कापलेले दोन तारे इथं परत देतो.

लगेच अर्धा परत घेतो. ड्रेनसोबत झुरळं अडवणारी वाटी येते, तिच्यात पाणी उभं राहून वास अडायचा असतो. पट्टीनं मोजलं, पाणी जेमतेम २० मिमी. चांगल्या ट्रॅपमध्ये, म्हणजे पाणी धरून गटाराचा वास अडवणाऱ्या भांड्यात, ५० तरी पाहिजे. कंपनीचा फिटर म्हणे वाटी पुरे, आमचा प्लंबर म्हणे खाली नहाणी ट्रॅप टाकल्याशिवाय मी पाइप जोडणार नाही. मी प्लंबरचं ऐकलं आणि वाटी काढून ठेवली. नाहीतर मे महिन्यात, बेचाळीस डिग्रीत, आम्ही तीन आठवडे पुण्याला लेकीकडं होतो तेव्हा घरभर गटार झालं असतं. तरीही परत आल्यावर पुसट वास होताच, ट्रॅपमधलं पाणी आटत आलेलं. गावाला जाताना वर चमचाभर तेल सोडलं तर पाणी लवकर उडत नाही. घाण्याचं करडीचं तेल मोरीत ओतायला घरून परवानगी मिळाली नाही, म्हणून मेडिकलमधून लिक्विड पॅराफिन आणून ठेवलंय.

आता मूळ दुखणं. फरशीचा ट्रे उचलायला कंपनी एक आकडी देते. बोटाएवढी, वाकवलेली तार, टोकाला प्लॅस्टिकची मूठ. ट्रे इतका नेटका बसतो की त्या आकडीशिवाय तो उचलायला काहीही नाही. नखही जात नाही. आणि ट्रे दर आठवड्याला उचलावा लागतो, केस काढायला. हे पत्रकात बारीक अक्षरात आहे, मी दहाव्या महिन्यात वाचलं.

गेली दिवाळी आम्ही उदगीरला बहिणीकडं केली होती. यंदा सगळे आमच्याकडं, नऊ माणसं. तेल, उटणं, दोन भाच्यांचे लांब केस. पाचव्या आंघोळीला पाणी थांबलं. मी नंतर हिशोब केला: चार फुटांच्या त्या इंचभर ढाळात फार तर चोवीस लिटर मावतं. म्हणजे दीड बादली. त्यापुढचा थेंब दाराबाहेर. उंबरा काढला तेव्हा हे गणित कुणी सांगितलं नव्हतं, ना आर्किटेक्टनं, ना कंपनीनं. न्हाणीची फरशी खोलीपेक्षा अर्धा इंच खाली घेतली असती तर आणखी चाळीस लिटर मावलं असतं, आणि कड तासून दिली तर वॉकरला अर्धा इंच काही जड नाही. तुमचं काम अजून व्हायचं असेल तर एवढं करा.

मी धावलो आकडी आणायला. खिळ्यावर नाही. आरशामागं नाही. हत्यारांच्या डब्यात नाही. इकडं पाणी गोधडीला लागलेलं, तिकडं आई पलंगावरून ओरडतेय, "आरं, बोअर लागलं का काय घरात?" चुंबक लावून बघितलं, ३०४ निघाल्याचा पश्चात्ताप झाला. चाकूचं टोक मोडलं. शेवटी बायकोच्या क्रोशाच्या सुईनं ट्रे उचलला गेला. सुई वाकली, तिची भरपाई अजून चालू आहे. खाली उटण्याचा आणि केसांचा एक गोळा, पेढ्याएवढा.

कंपनीला फोन केला. वॉरंटी दहा वर्षांची, पण आकडी 'ॲक्सेसरी' आहे, वॉरंटीत नाही. विकत द्या म्हणालो. सुटी मिळत नाही, पूर्ण ट्रे घ्या, २,१०० रुपये. एका तारेसाठी! चार फोन आणि तीन ईमेल झाले. प्रत्येक वेळी नवीन माणूस, आणि प्रत्येकानं मला आकडीचा फोटो पाठवायला सांगितलं. हरवलेल्या वस्तूचा फोटो काढता येत नाही हे मी तिघांना समजावलं.

मधल्या काळात सायकलवाल्याकडून दहा रुपयांना दोन स्पोक आणले आणि पक्कडीनं टोक वाकवलं. कंपनीच्या आकडीपेक्षा लांब, त्यामुळं आईलाही न वाकता स्टुलावर बसून ट्रे उचलता येतो. दोन्ही दाराजवळ खिळ्याला टांगल्यात. शनिवारी केस काढायचे, हा वार आता पंचांगाइतका पक्का.

त्रिपुरी पौर्णिमेनंतर आकाशकंदील उतरवला. धाकट्या भाच्यानं तो गॅलरीच्या गजाला कशानं अडकवला होता, हे मी सांगायची गरज नाही.

आणि गेल्या सोमवारी कुरिअर आलं. कंपनीनं आकडी पाठवली, फुकट, एक नाही दोन. सोबत आकडीचा फोटो पाठवल्याबद्दल आभाराची चिठ्ठी. मी फोटो पाठवलाच नव्हता. आता घरात पाच आकड्या आहेत, तेव्हा कापलेला अर्धा तारा परत, साडेचार धरा. उरलेला अर्धा डाव्या कोपऱ्याचा, पण तो माझ्याच नावावर आहे.