पेपर लिहिणाऱ्या बालरोगतज्ज्ञांची फीडबॅक सर्व्हिस: वापरून बघितली, ४/५

नाव मुद्दाम देत नाही, कारण खाली तक्रारीपण आहेत. काम साधं आहे, हे लोक पाच-सहा बालरोगवाल्यांचा ग्रुप जमवून देतात, आपण आपला अर्धाकच्चा ड्राफ्ट टाकायचा, बाकीचे वाचून कमेंट करतात, मग तासाभराचा कॉल, आणि त्या बदल्यात आपण त्यांचे ड्राफ्ट वाचायचे. हे सगळं जर्नलला पाठवायच्या आधी, आणि खरा फायदा तोच, कारण तिकडचा रिव्ह्यूअर रिजेक्ट मारून मोकळा होतो.

आमच्यात एकीचा ड्राफ्ट होता, वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या वाढीवर. टेबल चकाचक, आकडेमोड चोख. कॉलवर एका एनआयसीयूवाल्याने (नवजात बाळांच्या आयसीयूत काम करणाऱ्याने) एवढंच विचारलं, वय कुठलं धरलंयस, जन्मतारखेपासूनचं का करेक्टेड, म्हणजे जितके आठवडे लवकर आलं तितके वजा करून? सगळे गप्प! ३० आठवड्यांचं बाळ १० आठवडे लवकर आलेलं असतं, म्हणजे ते ६ महिन्यांचं झालं तरी वाढीच्या हिशेबात पावणेचार महिन्यांच्या आसपासच, आणि त्याला डब्ल्यूएचओच्या २००६ च्या वाढीच्या चार्टवर सरळ ६ महिन्यांत बसवलं की झेड-स्कोअर (त्या वयाच्या सरासरीपासून बाळ किती दूर आहे तो आकडा) खाली जातो आणि चांगलं वाढणारं लेकरूपण कुपोषित दिसतं. नुसती आकडेमोड तपासणाऱ्याला हे दिसलंच नसतं, त्याला रोज अशी बाळं वजनकाट्यावर ठेवणारा माणूसच लागतो.

दुसरा एक केस रिपोर्ट होता, म्हणजे एकाच पेशंटवरचा पेपर, फोटोत डोळ्यांवर काळी पट्टी मारली की झालं असं लिहिणाऱ्याला वाटत होतं. तसं नसतं, आयसीएमजेईच्या (मेडिकल जर्नलच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती) नियमात ती पट्टी पुरेशी धरतच नाहीत, आईवडिलांची लेखी संमती लागते, आणि मूल कळतं असेल तर त्यालापण विचारावं. यावर कॉलचा अर्धा वेळ गेला आणि जायलाच हवा होता. तिसऱ्याचा ड्राफ्ट क्वालिटी इम्प्रूव्हमेंटवर, म्हणजे उपचारांची सेवा सुधारण्यावर होता, त्याला कोणीतरी स्क्वायर २.० ची (असे पेपर कसे लिहायचे याची) चेकलिस्ट बघायला सांगितली, तिथे फार काही झालं नाही.

आता तक्रारी. कमेंट कशी द्यायची याचं काही ट्रेनिंग नाही, त्यामुळे एकजण नुसतं "छान लिहिलंय" टाकून गायब आणि दुसरा पानभर स्वल्पविराम दुरुस्त करत बसलेला, प्रश्न मात्र कोणीच विचारलेला नाही (दोन्ही नमुने तुमच्या डिपार्टमेंटमध्येपण असतीलच).

ऑथरशिपवर, म्हणजे पेपरवर लेखक म्हणून नाव कोणाचं, यावर तर सर्व्हिसकडे नियमच नाही. एकाने दुसऱ्याच्या पेपरमधला डिस्कशनचा भाग जवळजवळ नव्याने लिहून दिला आणि मग नाव कुठे म्हणून रुसला. त्याचं पूर्ण चूक होतं असंही नाही. आयसीएमजेईचे ४ निकष आहेत: कामात भरीव वाटा, लिहिण्यात किंवा नीट सुधारण्यात सहभाग, फायनल प्रतीला मंजुरी, आणि उद्या प्रश्न आला तर जबाबदारी. चारही लागतात. नुसत्या कमेंट दिल्या तर आभारात नाव, तेपण त्याला विचारून. हे पहिल्याच कॉलला बोलून घ्या, नंतर तोंडं वाकडी होतात. आणि फाइल टाकताना जन्मतारीख, केस नंबर काढून टाका, तिथे कोणी आठवण करत नाही.

डोक्यात नुसती आयडिया असेल तर इतक्यात घेऊ नका, लोकांना वाचायला काहीतरी लागतं. कॉलची वेळ ॲपवरून बदलता येत नाही, लॅपटॉपच उघडावा लागतो, आता नाइट करून आलेल्या माणसाने कधी उघडायचा तो? एक स्टार त्याचाच कापलाय.