ऑइलचा नमुना घ्यायचा कसा: ड्रेन प्लग, व्हॅक्यूम पंप की सॅम्पलिंग व्हॉल्व्ह?

इंजिन ऑइलच्या प्रयोगशाळेतल्या तपासणीच्या रिपोर्टमध्ये सिलिकॉन, म्हणजे धुळीची खूण, वाढलेलं दिसलं की पहिला संशय एअर फिल्टरवर जातो. पण ती धूळ इंजिनात गेलेलीच असेल असं नाही. ड्रेन प्लगभोवतीच्या (ऑइल काढून टाकण्याच्या तळाच्या बुचाभोवतीच्या) मातीतून किंवा झाकण काढून ठेवलेल्या बाटलीतूनही ती नमुन्यात येते. त्यामुळे नमुना कुठून घेता हे आधी ठरवा.

ऑइल बदलतानाच तपासणी करायची असेल तर ड्रेन प्लग पुरेसा आहे, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. प्लगभोवतीचा भाग पुसून घ्या, इंजिन गरम असतानाच प्लग काढा आणि सुरुवातीचं एक-तृतीयांश ऑइल वाहून जाऊ द्या. तळाचा गाळ आणि आट्यांतली घाण त्यातच जाते. मग धारेखाली बाटली धरा. शेवटची ठिबक नको, आणि ट्रेमधलं तर मुळीच नको. हातमोजे घाला, ऑइल भाजतं.

दोन बदलांच्या मध्ये नमुना हवा असेल तर डिपस्टिकच्या (ऑइलची पातळी पाहायच्या पट्टीच्या) वाटेने व्हॅक्यूम पंप लावा. बहुतेकांनी हाच घ्यावा. दर वेळी नवी नळी वापरा. ती डिपस्टिकशेजारी धरून तेवढीच आत जाईल अशी खूण करा. तळाला टेकली तर गाळ ओढते. पंपाच्या डोक्याखाली नळीचं टोक 3-4 सेंमी बाहेर ठेवा आणि पंप उभाच धरा. आडवा झाला की ऑइल पंपात शिरतं आणि पुढचा प्रत्येक नमुना खराब करतं. इंजिन बंद केल्यावर 15-20 मिनिटांच्या आत काम उरका. थंड, घट्ट ऑइल ओढताना हात दुखतो आणि जड कणही खाली बसलेले असतात. काही इंजिनांना डिपस्टिकच नसते, तिथे हा मार्ग बंद.

जनरेटर किंवा एक्स्कॅव्हेटरसारखी, वारंवार तपासली जाणारी यंत्रं असतील तर सॅम्पलिंग व्हॉल्व्हच, म्हणजे नमुना घ्यायची तोटी, बसवा. जागा इंजिनाच्या ऑइल पंपानंतर आणि ऑइल फिल्टरच्या आधी. फिल्टरनंतर बसवलात तर फिल्टरने अडवलेले झिजेचे कण नमुन्यात येणारच नाहीत आणि रिपोर्ट उगाच छान दिसेल. नमुना इंजिन आयडलवर चालू असताना घ्यायचा, तेव्हा बाही बेल्टपासून लांब ठेवा. व्हॉल्व्ह आणि त्याच्या पाइपात जेवढं ऑइल अडकलेलं असतं त्याच्या पाच-दहापट आधी सोडून द्या, नाहीतर गेल्या वेळचंच ऑइल बाटलीत येईल. एकट्या कारसाठी हा खटाटोप नको.

बाटली पाऊणच भरा; प्रयोगशाळेत ती हलवावी लागते. टॉप-अपच्या आधी नमुना घ्या. 8 लिटर ऑइलात झिजेचं लोह 50 पीपीएम (दहा लाखात 50 भाग) असेल आणि 2 लिटर ताजं ओतलंत, तर आकडा 40 वर येतो. झीज मात्र तेवढीच असते. चिठ्ठीवर इंजिनाचे तास, ऑइलचे तास, ग्रेड आणि मध्ये किती ऑइल ओतलं ते लिहा. पद्धत मध्येच बदललीत तर तेही लिहा, कारण जुन्या आकड्यांशी नवे सरळ जुळणार नाहीत.