गॅस लावून काढलं म्हणाले, त्या बेअरिंगला हातही लावला नव्हता

चिखलपाण्यात फिरणाऱ्या फोर-बाय-फोरचं हब बेअरिंग, म्हणजे चाक ज्यावर फिरतं ते, गंजून बसल्या जागी जाम होतं, हे शंभर टक्के खरं आहे. याच खऱ्या गोष्टीच्या आडून माझ्याकडून न केलेल्या कामाचे पैसे उकळले गेले. ज्यांच्या गाडीचं हे काम निघालंय, त्यांनी बिल चुकतं करण्याआधी हे वाचावं.

पुढून घूं घूं असा आवाज यायचा. वेगाबरोबर वाढायचा आणि उजवीकडे वळताना जास्तच. उजव्या वळणावर भार डाव्या चाकावर येतो, त्यामुळे संशय डाव्या बेअरिंगवर होता. गॅरेजवाल्याने दोन्ही बाजूंची गेलीत असं सांगितलं. मग त्याचा फोन आला, "साहेब, दोन्ही पार जाम आहेत. गॅसने तापवून प्रेसवर काढावी लागतील. नकल फुटला तर आमच्याकडे बोलू नका." हब ज्यात बसतो तो अख्खा स्टिअरिंग नकल बदलायची वेळ येईल या धास्तीने माणूस मजुरीवर घासाघीस करत नाही. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बिलात दोन बेअरिंगं, गॅस, प्रेस आणि वर 'जाम काढण्याची जादा मजुरी'.

गाडी घेऊन निघालो तर आवाज बंद. इथेच बहुतेकांचा विषय संपतो आणि दुसऱ्या चाकाकडे कुणी बघत नाही. मी जुने पार्ट मागून घेतले होते. ते उघडून बघितले तर एक होतं तीन बोल्टच्या फ्लँजचं (बोल्टची भोकं असलेल्या कडेचं) अख्खं हब युनिट, माझ्याच गाडीचं. दुसरं नुसतं गोल बेअरिंग, प्रेसच्या दाबाने नकलमध्ये बसवतात त्या प्रकारचं. माझ्या गाडीत ते बसतच नाही! आणि फ्लँजचं युनिट मागून बोल्टने आवळलेलं असतं, त्याला प्रेस लागण्याचा प्रश्नच येत नाही.

मग गाडी जॅकवर घेऊन स्टँडवर टेकवली आणि उजवं चाक काढलं. हब आणि नकलच्या सांध्यावर गंजाचं कडं अखंड होतं, कुठेही तडा नाही. जाम झालेलं युनिट निघालं असतं तर ते कडं आधी फुटलं असतं. मागच्या बोल्टच्या डोक्यांभोवती वाळलेला चिखल तसाच, आणि त्याच्यावरूनच काळा स्प्रे मारलेला. नखाने खरवडल्यावर रंगासकट चिखलाची खपली हातात आली. चाकाच्या मधोमधचा एक्सल नट सैल होऊ नये म्हणून ठोकलेला लॉकही जुनाच. डाव्या बाजूला बोल्टवर पान्ह्याचे ताजे ओरखडे होते, म्हणजे तिथलं काम खरोखर झालं होतं. पण गॅस तिथेही लावलेला नव्हता. बाजूलाच ड्राइव्ह शाफ्टचा रबरी बूट आणि चाकाचा वेग मोजणाऱ्या एबीएस सेन्सरची वायर आहे, आणि दोन्हींवर झळ लागल्याची एकही खूण नव्हती.

फोटो समोर ठेवल्यावर मालक म्हणाला, पोराने चुकून दुसऱ्या गाडीचा पार्ट बांधला. मग स्प्रे कुणी मारला, यावर गप्प. उजव्या बाजूचे पैसे परत केले, गॅस-प्रेसचे नाहीत.

खरं काम कसं होतं ते माहीत असलं की थाप लगेच कळते. ओढा ओलांडताना तापलेला हब एकदम गार होतो, आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. बाहेरच्या सांध्यात गंज धरतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेत असल्याने युनिट नकलमध्ये आवळून बसतं. चांगला मेकॅनिक आधी एबीएस सेन्सर बाजूला काढतो, गंज सोडवणारं तेल मारून थांबतो, मग बोल्ट थोडे सैल करून त्यांच्या डोक्यांवर आलटूनपालटून ठोके देतो, म्हणजे युनिट सरळ बाहेर सरकतं. नाहीच हललं तर स्लाइड हॅमर, म्हणजे सरकत्या वजनाच्या झटक्याने पार्ट बाहेर ओढणारं हत्यार. गॅस अगदी शेवटी, आणि तोही आजूबाजूचं रबर सांभाळून. नवीन बसवण्याआधी नकलची बसकण तारेच्या ब्रशने साफ करतात. नवीन युनिट हातोड्याने ठोकून बसवताना दिसलं तर तिथेच थांबवा, कारण त्या ठोक्यांनी बेअरिंगच्या आतल्या रेसवर, म्हणजे गोळ्या फिरतात त्या कड्यावर, खळगे पडतात आणि थोड्याच दिवसांत आवाज पुन्हा सुरू होतो. एक्सल नट टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोराने आवळायचा पान्हा) आवळायचा, आणि तो आवळेपर्यंत गाडीचं वजन चाकावर टाकायचं नाही.

काम सुरू होण्याआधी दोन्ही बाजूंच्या बोल्टचे आणि सांध्याचे फोटो काढून ठेवा. बोल्टच्या डोक्यांवर खडूची रेघ मारली तरी चालेल. बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या आणि जुनं युनिट नव्या खोक्याशेजारी ठेवून फ्लँजची भोकं जुळतात का ते तिथेच बघा. दोन्ही बाजूंची बेअरिंगं गेलीत असं कुणी म्हणालं, तर चाक उचलून स्प्रिंगवर हात ठेवा आणि चाक फिरवून बघा. खराब बेअरिंगची खरखर हाताला कळते. माझ्या उजव्या चाकाची अजूनही लागत नाही.